वाल्देमार हाफकिन : गाठीच्या रोगावरील लशीचा जनक

सुरतेच्या पश्चिमेस तापी नदी समुद्राला मिळते, तिथे हजीरा हे गाव वसले आहे. हजीरा या शब्दाचा अर्थच थडगे. जवळच्या सुवाळी बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांची आणि डचांची जहाजे नांगर टाकीत आणि मायदेशी परतणे नशिबी नसलेल्या कित्येकांना याच परिसरात मूठमाती मिळाली. हजीऱ्याहून दक्षिणेकडे निघाले की दमण, मुंबई, कोकणातील बंदरे आणि पुढे पणजी असा हा सागरी मार्ग जातो. शतकानुशतके त्यावरून कापड, मीठ, लाकूड आणि माणसे यांची ये-जा होत राहिली. १८९६ नंतर याच किनारपट्टीवर प्लेग पसरला आणि सुरत व दमण या दोन्ही ठिकाणी पोहोचला. त्या वेळी गोव्याबरोबरच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दमणमध्ये १८९७ साली एका नव्या लशीची मोठी कसोटी लागली. ती लस तयार करणारा माणूस ना पोर्तुगीज होता, ना इंग्रज. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे दाखवून देणारे आणि त्यासाठी नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह. विद्यार्थिदशेतच हाफकिन यांनी ज्यूविरोधी दंगलींच्या काळात आपल्या समाजाच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत भाग घेतला आणि त्यापायी अटकही सोसली. विद्यापीठात अध्यापनाची संधी हवी असेल तर धर्मांतर करावे, ही अट त्यांनी नाकारली. परिणामी बुद्धी असूनही मायदेशात त्यांना वाट उरली नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढल्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे सुरुवातीला मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा. पुस्तके सांभाळून उरलेला वेळ त्यांनी प्रयोगशाळेत घालवला.

पटकीच्या जंतूंवर त्यांनी दुहेरी पद्धतीने काम केले. एकीकडे ते जंतू दुबळे केले, दुसरीकडे गिनीपिगांच्या शरीरातून वारंवार नेऊन त्यांची मारकता वाढवली. आधी दुबळ्या जंतूंची टोचणी आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची, असा क्रम त्यांनी बसवला. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बचावले. पॅरिसमध्ये भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी ब्रिटिश राजदूत होते. पटकीने दरवर्षी असंख्य माणसे मरणाऱ्या भारतात या लशीची परीक्षा व्हावी यासाठी त्यांनी साहाय्य केले आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले गेले. ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते परके, रशियाचे प्रजाजन आणि वैद्यकाची पदवी नसलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. वस्त्यांतील लोकांच्या दृष्टीने ते सुई घेऊन आलेले गोरे साहेब होते. कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्या चमूवर दगड आले, तेव्हा त्यांनी जमावासमोर स्वतःलाच टोचून घेतले आणि त्यानंतर लोक पुढे झाले. त्याच शहरातील कट्टल बगान वस्तीत सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तिथे पटकीचे जे रुग्ण आढळले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. १८९५ पर्यंत हाफकिन यांनी ४० हजारांहून अधिक माणसांना टोचले. स्वतः हिवतापाने खंगल्यामुळे त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले. १८९६ च्या आरंभी ते पुन्हा भारतात आले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि काखेत किंवा जांघेत गाठ येण्याचे विचित्र रुग्ण दिसू लागले. हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी. बार्देशातील हडफडे हे त्यांचे जन्मगाव. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी दिलेला हा इशारा शहराला हादरवणारा ठरला. लाखो लोकांनी मुंबई सोडली. सरकारने घरझडत्या, सक्तीचे स्थलांतर आणि सामान जाळणे असे उपाय योजले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला आणि तेथील सक्तीच्या उपायांनी पेटलेल्या संतापातून २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. रोगाइतकेच अविश्वासाचेही ते दिवस होते.

सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सँ यांनी शोधला होता, पण त्याची मोठ्या प्रमाणावर वाढ करणे हे वेगळेच काम होते. हाफकिन यांनी मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे गुहेतील लोंबत्या पाषाणसुळक्यांप्रमाणे खाली वाढत. पात्र हलवले की ते तळाशी पडत आणि नवे धागे फुटत. अशी भरघोस वाढ झाली की ते द्रावण सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारले जात. पटकीची लस जिवंत जंतूंची होती; ही मेलेल्या जंतूंची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिची १० घन सेंटिमीटर मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. नंतर प्रौढांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या ती कित्येक पट होती.

त्या महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली त्यांच्यापैकी पुढे दोघे आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. लस न घेतलेल्या, जवळपास तेवढ्याच कैद्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ जण दगावले. यानंतर दमणची पाळी आली. तेथील खालच्या शहरभागात ८२३० वस्ती होती. त्यांपैकी २१९७ जणांनी टोचून घेतले आणि त्यांतील ३६ जण मरण पावले. न टोचलेल्या ६०३३ जणांपैकी १४८२ जण दगावले. म्हणजे लस न घेतलेल्यांत दर चौघांमागे एक गेला, तर घेतलेल्यांत साठांमागे एक.

तरीही शंकेला एक जागा उरत होती. जे स्वतःहून पुढे येतात ते कदाचित अधिक सुदृढ, अधिक सावध किंवा बऱ्या घरांत राहणारे असू शकतात. मग श्रेय लशीचे की परिस्थितीचे? हा आक्षेप दूर करण्यासाठी १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंधेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्याच माणसांना लस दिली. एकच छप्पर, एकच चूल, एकच हवा, फरक फक्त सुईचा. लस घेतलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू झाले, न घेतलेल्या ६४ जणांत २६. आज औषधांची चाचणी घेताना तुलनेसाठी समान गट ठेवण्याचा जो दंडक आहे, त्याची ही जुनी आणि ठसठशीत उदाहरणे होत.

शरीराबाहेरून मोजता येईल तेवढे हाफकिन यांनी मोजले. शरीराच्या आत काय घडत होते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. १८९० मध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वाताचे विष निष्प्रभ करणारे काही द्रव्य रक्तात तयार होते, इतके दाखवले होते. अशा द्रव्यांना आपण आज प्रतिपिंडे म्हणतो. जंतूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट आकाराला कुलपात किल्ली बसावी तसे प्रतिपिंड चिकटते. प्रश्न असा होता की, ज्या जंतूशी शरीराची कधी गाठच पडलेली नाही, त्याच्यासाठी किल्ली तयार होते कशी? माणसाच्या जनुकांची संख्या वीस हजारांच्या आसपास, पण प्रतिपिंडांचे प्रकार अब्जावधी. प्रत्येक प्रतिपिंडामागे एक स्वतंत्र जनुक धरले तर हिशेब जुळतच नाही.

या कोड्याची उकल हाफकिन यांच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनी, १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाली. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने उंदराच्या गर्भातील पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी यांच्यातील जनुकांची तुलना केली. गर्भात एकमेकांपासून दूर असलेले जनुकखंड प्रौढ पेशीत जवळ आलेले होते. पेशीने आपल्याच जनुकाची कापाकाप करून ते नव्याने जोडले होते. आईवडिलांकडून आलेली जनुके आयुष्यभर जशीच्या तशी राहतात, या समजुतीला हा मोठा धक्का होता. तोनेगावा यांना त्यासाठी १९८७ चे नोबेल मिळाले.

ही जुळणी अस्थिमज्जेत, बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होताना होते. माणसात प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी तीन प्रकारचे खंड असतात. पहिल्या प्रकारचे सुमारे ४०, दुसऱ्याचे २० हून अधिक आणि तिसऱ्याचे ६. तीन ढिगांतून एकेक मणी उचलून ओवावा तसा प्रत्येक पेशी आपला एक संच निवडते. हलक्या साखळीचीही अशीच जुळणी होते. एवढ्यानेच १५ लाखांहून अधिक जोड्या संभवतात. शिवाय सांधा जुळवताना तिथे काही अक्षरे गळतात, काही नवी घातली जातात, त्यामुळे वैविध्य अब्जांच्या घरात जाते. ही निवड आंधळी असते. कोणता जंतू येणार आहे याची पेशीला कल्पना नसते. आलेल्या जंतूला थोडेफार चिकटू शकणाऱ्या मोजक्या पेशी या प्रचंड गर्दीत आधीच हजर असतात, इतकेच.

परंतु थोडेफार चिकटणे पुरेसे नसते. प्रतिपिंडाची पकड घट्ट होण्याचे काम पुढच्या टप्प्यात, लसीका ग्रंथीत होते. जंतूचे अंश तिथे पोहोचले की त्यांना ओळखणाऱ्या बी-पेशी झपाट्याने विभागू लागतात. विभागताना त्यांच्या प्रतिपिंड-जनुकांत मुद्दाम फेरबदल केले जातात. हे काम करणारे विकर जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने शोधले. या जनुकांत बदल होण्याचा वेग नेहमीच्या तुलनेत सुमारे दहा लाख पट असतो. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात, काही घातकही. मग ग्रंथीतच निवड होते. जिच्या प्रतिपिंडाची पकड अधिक घट्ट, तिला जंतूचा अंश अधिक मिळतो, साहाय्यक पेशींकडून जगण्याचा संकेत मिळतो आणि ती पुन्हा विभागते. बाकीच्या मरून जातात. बदल आणि निवड यांचे हे आवर्तन काही आठवडे चालते आणि अखेरीस आरंभीच्या तुलनेत कैक पटींनी घट्ट पकडणारी प्रतिपिंडे हाती येतात. कालांतराने प्रतिपिंडांची पकड वाढत जाते, हे १९६४ मध्ये आयझेन आणि सिस्किंड यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवलेच होते. त्यामागचे कारण नंतर कळले. निवडलेल्या पेशींपैकी काही स्मृती जपून ठेवतात. दुसरी मात्रा मिळाली की त्यांतील काही पुन्हा ग्रंथीत शिरून आणखी सुधारतात. हाफकिन यांनी पटकीसाठी बसवलेला दोन टोचण्यांचा क्रम अनुभवातून आला होता. एकाच टोचणीवर न थांबण्याचे शास्त्रीय समर्थन असे कित्येक दशकांनी मिळाले.

प्लेगच्या बाबतीत या ज्ञानाला एक करुण बाजू आहे. काखेत किंवा जांघेत उठणारी प्लेगची गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथीच. पिसवाच्या चाव्यातून शिरलेले जंतू जवळच्या ग्रंथीत जातात आणि तिथेच वाढतात. जिथे शरीराने शत्रूला ओळखायला शिकायचे, तीच शाळा शत्रू आधी उद्ध्वस्त करतो. घट्ट पकडीची प्रतिपिंडे घडायला आठवडे लागतात. प्लेगचा रोगी अनेकदा आठवडाभरात दगावे. हाफकिन यांच्या लशीने दिला तो हा वेळ. कुपीतील मेलेले जंतू ग्रंथीला नष्ट करू शकत नव्हते, पण आपली ओळख मात्र देऊन जात. दमणच्या आणि उंधेऱ्याच्या आकड्यांतील फरक हा या मिळालेल्या वेळेचा फरक होता. अर्थात या लशीला मर्यादाही होत्या. तिचे संरक्षण काही महिन्यांनी क्षीण होई, टोचल्यावर बराच ताप येई आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिचा भरवसा नव्हता.

तरीही मागणी वाढतच गेली. तरुण आगाखान तिसरे यांनी हाफकिन यांना काम करण्यासाठी आपली वास्तू दिली, स्वतः लोकांसमक्ष टोचून घेतले आणि खोजा समाजातील हजारो जणांना त्यासाठी प्रवृत्त केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. ही इमारत मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ. ज्या परक्या संशोधकाला काही शिपायांवर भागवावे लागले होते, त्याच्या हाती आता एक मोठी संस्था आली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबमधील मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी ज्या १९ जणांना एका विशिष्ट कुपीतून लस दिली गेली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि सारेच्या सारे मरण पावले. इतर कुप्यांतून टोचलेले सर्व सुखरूप राहिले. चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून हाफकिन यांनी उष्णतेवर भर दिला होता, ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध मांडली गेली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९ कुटुंबांचे दुःख खरे होते. पण दोष कुठे घडला याचा निवाडा घाईने झाला होता. कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब नोंदीत असूनही तिला द्यायचे ते महत्त्व दिले गेले नाही.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्यांची फेरतपासणी केली. हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उघडपणे घेतली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. या सगळ्यात पाच वर्षे गेली. ते भारतात परतले, पण मुंबईची जागा एव्हाना भरली गेली होती. कलकत्त्यात त्यांना तुटपुंज्या सोयींवर काम करावे लागले आणि लोकांना लस देण्याची मोठी मोहीम पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले.

उत्तरायुष्यात ते अधिकाधिक धर्मनिष्ठ झाले. त्यांनी विवाह केला नाही. आपली मालमत्ता त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहायला गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले होते. ज्या कामावरून त्यांना दूर केले गेले, त्याच कामावर त्यांचे नाव कायमचे कोरले गेले, हा सन्मान त्यांना हयातीत पाहता आला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या.

प्लेग पूर्णपणे गेला नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत तो पुन्हा दिसला. हजीऱ्याच्या कारखान्यांनी आणि कापडाच्या मागांनी वाढलेल्या त्या शहरातून लाखो माणसे भीतीने बाहेर पडली. खानदेशातून तिथे पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबेही त्या शहरात होती. या वेळी रोग आटोक्यात आणला तो प्रतिजैविकांनी, लशीने नव्हे. हाफकिन यांची लस इतिहासजमा झाली, पण त्यांनी घालून दिलेली रीत टिकून आहे. आधी स्वतःच्या अंगावर धोका घ्यावा, लोकांना सक्तीने नव्हे तर आकड्यांनी पटवावे आणि आकडेही अशा पद्धतीने गोळा करावेत की शंकेखोराला जागा उरू नये. परळच्या संस्थेत पुढे सर्पदंशावरील प्रतिविषाचे आणि विविध लशींचे काम चालत राहिले. आज एखाद्या बालकाला दंडावर टोचले जाते, तेव्हा त्याच्या काखेतील ग्रंथीत जनुकांची ती निमूट उलथापालथ आणि निवड सुरू होते. तिचे नावही ठाऊक नसताना एका परक्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास सार्थ असल्याचे दमणच्या आठ हजार माणसांच्या वस्तीत दाखवून दिले.